माझा काठ उघडा राहू द्या

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही नक्की फसाल. निळ्या रंगावर पांढरी मोगऱ्याची फुलं, कोपऱ्याकोपऱ्यांतून लाल वेली, वर घट्ट झाकण. तुम्हाला वाटेल, हा बिस्किटांचा डबा. आमच्या तांजुंगरेजा गावात असे डबे घरोघरी आहेत आणि त्यांत बिस्किटं कधीच नसतात. पाहुण्यांच्या पोरांनी आशेने झाकण उघडावं, तर आत तांदळाच्या पापड्या! माझ्यात पापड्यासुद्धा नाहीत. माझ्यात गोंगाट आहे. तो आतल्या आत कोंडून ठेवायचा, एवढ्यासाठीच माणसांनी मला घडवलं. मी पत्र्याचा एक साधा डबा आहे, आणि ते एकच काम आता माझ्याच्याने होत नाही.

माझा जन्म बाताम बेटावरच्या एका कारखान्यात झाला. तिथे विजेच्या यंत्रांसाठी डबे बनतात. मोठ्या पत्र्यातून मला कापलं, दाबाखाली घालून वाकवलं, कोपरे जोडले. हवा खेळावी म्हणून माझ्या पाठीला भोकं पाडली, पण एक मोठी खिडकी न ठेवता चाळणीसारखी बारीक बारीक. गोंगाट मोठ्या फटीतून निसटतो, बारीक भोकांतून त्याला निघता येत नाही. मग मला आकड्याला टांगून रंगाच्या खोलीत नेलं. तिथे जायच्या आधी एका तरुणाने माझ्या तोंडाच्या काठावर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, अगदी निगुतीने, नखाने दाबून. त्याचं नाव मिसनादी. दिवसभर त्याचं तेच काम होतं, डब्यांच्या काठांना पट्टी लावायची. रंग भाजून पक्का झाला की तो पट्टी सोलून काढी आणि आतून उघडा, चकचकीत पत्रा दिसे.

तो नवीन होता तेव्हा रांगेवरच्या प्रमुख बाईंना त्याने विचारलं होतं, "ताई, सगळा डबा रंगवायचा आणि काठ तेवढा नागडा ठेवायचा, हे काय?"

बाई जरा तिखट होत्या. म्हणाल्या, "तुझ्या लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये भिंत बांधायची का?"

"नाही बुवा."

"मग? इथे झाकण आणि डबा एकमेकांना भेटतात. पत्र्याला पत्रा लागला तर दोघं मिळून एक होतात आणि आतला आवाज आतच राहतो. मध्ये रंगाचा नुसता पापुद्रा आला तरी दोघं परके झाले. वरून दिसायला झाकण बंद, पण आवाजाला दार उघडं. कळलं? लाव पट्टी."

मिसनादीला कळलं. त्याला इतकं नीट कळलं की पुन्हा कुणाला सांगायची गरज त्याला वाटली नाही. मित्रांनो, माझ्या सगळ्या दु:खाचं मूळ इथे आहे. ज्याला एखादी गोष्ट पक्की ठाऊक असते ना, त्याला वाटतं ती सगळ्यांनाच ठाऊक असणार.

आता तुम्ही विचाराल, हा कुठला गोंगाट, जो कानाला ऐकू येत नाही? सांगतो. माझ्या पोटात जे यंत्र असतं ते विजेचे तुकडे करतं. डोळा मिटायच्या आत हजारो तुकडे. दर तुकड्याला एक किंकाळी उठते. माणसाच्या कानाला ती लागत नाही, पण रेडिओच्या तारेला लागते. शेजारी रेडिओ असला तर त्याला त्या किंकाळ्यांपुढे दुसरं काही ऐकूच येत नाही. मी चांगला असलो, म्हणजे माझं झाकण मला सगळीकडून भेटलेलं असलं, की त्या किंकाळ्या माझ्या भिंतीवर आपटून तिथेच विरतात.

विक्रीला जायच्या आधी काही डब्यांची परीक्षा होई. त्यासाठी मला निवडलं. एका बंद खोलीत, जिच्या भिंतींना सगळीकडे गोंगाट शोषून घेणारी टोकंच टोकं होती, मला मधोमध ठेवलं आणि पोटातलं यंत्र चालू केलं. बाहेर साहेब लोक काटा बघत बसले. काटा हलला नाही. "काहीच नाही!" एक जण ओरडला, "चिडीचूप आहे बेटा!" त्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. मला गंमत वाटली. जगात कौतुक काहीतरी केल्याचं होतं. माझं झालं ते काहीच न झाल्याचं. पण खरं सांगतो, त्या दिवसासारखा आनंद मला पुन्हा झाला नाही.

परीक्षेचा डबा विकायला पाठवत नाहीत. मी कोपऱ्यात पडून होतो. मिसनादीचा करार संपला, नवीन करार मिळेना, तेव्हा जाताना त्याने मला मागून घेतलं. "गावी उपयोग आहे," एवढंच म्हणाला. कपड्यांच्या गाठोड्यात गुंडाळून, आधी जहाजाने आणि मग बसने, तो मला जावा बेटाच्या पूर्व टोकाला, आपल्या आईकडे घेऊन आला.

त्याची आई पोनिरा. तो तिला माक म्हणे. आमच्याकडे आईला माकच म्हणतात. नवरा समुद्राने नेलेला, मोठा मिसनादी आणि धाकटा तोहा अशी दोन पोरं. जमिनीची जीभ समुद्रात जिथे संपते तिथे कोळ्यांच्या मंडळाची एक शेड आहे. त्या शेडमध्ये रेडिओ, आणि रेडिओपाशी पोनिरा. होड्या पहाटे बाहेर पडत, संध्याकाळी परत येत. तेवढा सगळा वेळ ती तिथेच बसे. शेडच्या बांबूवर उंच तार होती, त्यामुळे लांबलांबच्या होड्यांचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचे. होड्यांना मात्र एकमेकींचा आवाज एवढ्या लांबून लागत नसे. कुणाचं इंजिन बंद पडलं तर तो पोनिराला हाक मारी, आणि पोनिरा जवळच्या होडीला पाठवी. गाव म्हणे, "आपल्याला दोन आया. एक घरची, एक रेडिओतली."

शेडपर्यंत विजेचे खांब नव्हते. बॅटरी सायकलवर घालून बाजारात नेऊन भरून आणावी लागे. मिसनादीने छपरावर उन्हावर वीज करणारे तावे बसवले. त्यांची वीज बॅटरीत नीट भरणारं यंत्र त्याने माझ्या पोटात बसवलं. तारा आत येतात तिथे त्याने पत्रा घासून चकचकीत केला. काठावर पितळेची लवचिक पट्टी बसवली आणि मग झाकण लावून सगळे स्क्रू एकामागोमाग आवळले.

पोनिरा कंबरेवर हात ठेवून बघत होती. "एवढंसं यंत्र आणि केवढा डबा! डाळीपेक्षा फोडणी जास्त."

"असू दे गं माक," तो हसला. "तुझा रेडिओ बघ आता. बोल बघू कुणाशी."

ती बोलली. आवाज काचेसारखा स्वच्छ आला. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मिसनादीने जाता जाता माझ्यावर एक थाप मारली आणि तो होडीकडे गेला. त्याने होडी घेतली होती. नाव ठेवलं होतं 'मेलाती'. मेलाती म्हणजे मोगरा. पोनिरा लहानपणी केसांत घाली ते फूल.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. सूर्य चढला की माझ्या पोटातलं यंत्र जोर धरी. जेवढं ऊन कडक, तेवढ्या किंकाळ्या जास्त. मी त्या सगळ्या गिळून बसे. शेजारी रेडिओतून हाका येत. कुणी मासळीच्या थव्याचा ठिकाणा सांगे, कुणी बायकोला निरोप ठेवी की भाताला आज तिखट वाटण जरा जास्त कर. दुपारी मिसनादीचा आवाज येई, सगळ्यांत लांबून, सगळ्यांत बारीक. तो खोल पाण्यातल्या मोठ्या माशांच्या मागे जाई.

"माक, ऐकतेस का?"

"ऐकते रे ले. जेवलास का?"

"जेवलो. तू?"

"तू जेवलास म्हणजे मी जेवले. लवकर ये."

रोज तेच बोलणं. ले म्हणजे बाळ. एवढा दाढीमिशांचा बाप्या, पण तो ले म्हणवून घ्यायला लाजत नसे. त्या बारीक आवाजाची वाट मीच मोकळी ठेवली होती. हे त्या मायलेकांना कळत नव्हतं, पण मला त्याचं वाईट वाटत नसे. खरंच वाटत नसे.

मग सुरो महिना आला. आमच्याकडे सुरोत समुद्राचा सण असतो. बोकडाचं डोकं, भात, फळं अशी भेट सजवलेल्या छोट्या होडीतून समुद्राला देतात. त्या आधी सगळ्या होड्या नव्याने रंगतात. नुसत्या रंगत नाहीत, नटतात. वल्ही, डोलकाठी, पाण्याची पिंपं, काही म्हणजे काही बिनरंगाचं ठेवत नाहीत. समुद्राकाठी उघडा पत्रा म्हणजे गंजाला आवतण, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. आणि सणाच्या दिवशी एखादी वस्तू उघडीबोडकी दिसली तर ती घरच्या बाईची लाज.

होड्यांवर फुलं काढणारा सानिमान त्या दिवशी 'मेलाती' रंगवून शेडमध्ये कॉफी प्यायला आला. त्याच्या हातात उरलेल्या रंगाचे डबे होते.

"पोनिरा, हा तुझा राखाडी डबा बघून मला रडू येतं बघ. मयताला आल्यासारखा बसलाय कोपऱ्यात."

"मग दे की त्याला रंग. माझ्या लेकाने आणलाय तो."

"मी फुलं काढतो. आधी तू निळा हात मार."

पोनिराने आधी तारा सोडवल्या. तेवढं तिला माहीत होतं. मग सगळे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि तिला माझा उघडा काठ दिसला.

"अगं बाई! हे बघ, इथे रंगच नाही."

सानिमान वाकून बघायला लागला. "कारखानेवाले महाकंजूष! बाहेरून झकपक आणि आत ठणठण गोपाळ. इथूनच गंज धरणार. बरं झालं, बघितलंस."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी गळा फाडून ओरडलो असतो. मला तोंड नाही. मला फक्त काठ आहे. पोनिराने तो काठ आधी चिंधीने पुसला, वाळू-कागदाने घासला आणि कुंचल्याचं टोक अगदी बारीक करून त्यावर रंग लावला. एकदा लावला, वाळू दिला, पुन्हा लावला. एवढ्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तिने तसंच केलं. पितळेची पट्टी धुऊनपुसून रंगावर परत बसवली. तारा आत येतात ती जागासुद्धा सोडली नाही. वर सानिमानने मोगऱ्याची फुलं काढली, 'मेलाती'च्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, होती तशीच. स्क्रू परत आवळले, एकही ढिला ठेवला नाही. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "आता दिसतोस माझ्या घरातला."

सणाचा दिवस दणक्यात झाला. मिसनादीने मला पाहिलं आणि खदखदून हसला. "माक, हा डबा आहे का नवरी?" झाकण बंद होतं. बाहेरून रंग दिसत होता, तो तर पहिल्यापासून होताच. आतल्या काठाची शंका त्याला येण्याचं कारण नव्हतं. त्याने पुन्हा माझ्यावर थाप मारली. ती शेवटची.

दुसऱ्या दिवशी होड्या बाहेर पडल्या, ऊन चढलं, आणि माझ्यातून गोंगाट बाहेर सांडायला लागला. झाकण आणि मी एकमेकांना टेकून होतो, पण मध्ये पोनिराचा रंग होता. आम्ही परके झालो होतो. किंकाळ्या त्या बारीक फटीतून निघाल्या, बांबूवरच्या तारेला भिडल्या आणि रेडिओतून घरघर यायला लागली. सकाळी थोडी, दुपारी कानठळ्या बसतील एवढी. ढग आला की कमी. संध्याकाळी एकदम गप्प.

पोनिराने रेडिओला दोन चापट्या मारून पाहिल्या. मग तिला ते बटण सापडलं, जे फिरवलं की खरखर दाबली जाते. ते ती फिरवत गेली, फिरवत गेली, आणि रेडिओ शांत झाला. तिने सुस्कारा सोडला. जवळच्या होड्यांचे आवाज दणकट होते, ते तेवढ्यातूनही येत. म्हणून तिला वाटलं, सगळं ठीक आहे. लांबून येणारे बारीक आवाज मात्र त्या बटणाने गोंगाटाबरोबरच दाबून टाकले. दुपारी मिसनादीची हाक येईना. संध्याकाळी तो घरी आला की ती रागावे.

"दुपारी बोलला का नाहीस रे?"

"बोललो की! तूच गप्प होतीस. कुणाशी गप्पा ठोकत होतीस?"

"रेडिओ म्हातारा झालाय बाबा. घरघर लावतो नुसती."

त्याने तिथेच रेडिओ लावून पाहिला. सूर्य बुडाला होता. छपरावरचे तावे झोपले होते आणि माझं पोटही. आवाज स्वच्छ.

"कुठे आहे घरघर? माक, म्हातारा रेडिओ नाही, म्हातारे तुझे कान!"

"थोबाड फोडीन! दुपारी येऊन ऐक म्हणजे कळेल."

"बरं बाई. शुक्रवारी होड्या बंद असतात. नमाज झाला की येतो आणि बसतो तुझ्यापाशी. तोवर सांभाळ त्याला."

मी त्या शुक्रवारची वाट पाहू लागलो. दुपारच्या उन्हात तो इथे बसला असता तर त्याला एका क्षणात कळलं असतं. ती घरघर तो ओळखत होता. बातामच्या त्या खोलीत साहेब लोकांच्या काट्यावर ज्या डब्यांची ती दिसे, ते डबे त्याच्याच रांगेवर परत येत. त्याने माझं झाकण उघडलं असतं, कपाळावर हात मारला असता, काठ खरवडला असता. मायलेक पोट धरधरून हसले असते.

शुक्रवार यायच्या आधी तो दिवस आला. आभाळ निरभ्र होतं. ऊन असं की वाळूवर पाय ठेववत नव्हता. पोनिरा रेडिओसमोर बसून मासळी साफ करत होती. हाताला खवले, समोर सुरी, कान रेडिओकडे. ती झोपली नव्हती. मी तिथेच होतो. मी साक्षीला आहे. ती एक क्षणसुद्धा झोपली नाही.

लांब दक्षिणेला 'मेलाती'च्या पंख्यात तुटलेला दोर अडकला होता. इंजिन बंद पडलं, होडी लाटांना आडवी झाली, तोल सांभाळणारा एका बाजूचा बांबू मोडला आणि पाणी भरायला लागलं. मिसनादीने रेडिओ उचलला.

"माक, ऐकतेस का? माक, पाणी भरतंय. कुणाला तरी पाठव. माक?"

ती हाक बांबूवरच्या तारेपर्यंत आली, मित्रांनो. इतक्या लांबून, पाण्यावरून, धडपडत आली. आणि तिथे माझ्यातून सांडलेल्या गोंगाटात ती बुडाली. मी मिटायचा प्रयत्न केला. पत्रा कसला मिटतो? तो पुन्हा बोलला. पुन्हा. पोनिराने मान वर करून रेडिओकडे पाहिलं. रेडिओ शांत होता. ती स्वतःशीच म्हणाली, "आज पोरगं फार लांब गेलेलं दिसतंय," आणि पुढचा मासा उचलला.

संध्याकाळी शेजारच्या गावची एक मोठी होडी आमच्या किनाऱ्याला लागली. तिचा तांडेल, पाक दुल्ला, पोनिराला ओळखत होता. पाक म्हणजे काका. तो शेडच्या दारात उभा राहिला. आत येईना.

"पोनिरा, तू दुपारी रेडिओपाशी होतीस ना?"

"होते की. का रे?"

"मग उत्तर का दिलं नाहीस? पोरगं सारखं तुला हाका मारत होतं. मी पार टोकाला होतो, मला तुटक तुटक ऐकू आलं. मी निघालो. पण पोहोचेपर्यंत..." त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "होडी उलटी तरंगत होती. आत कुणी नव्हतं. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं."

"नाही," पोनिरा म्हणाली. "रेडिओ एकदासुद्धा बोलला नाही. अल्लाची शपथ. मी इथेच होते. हे बघ, मासे. मी मासे साफ करत होते. तो बोललाच नाही." ती एकेक मासा उचलून त्याला दाखवायला लागली. पाक दुल्लाने तोंड फिरवलं. मिसनादी सापडला नाही. आजतागायत नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, पण विहिरीवर, दुकानाच्या बाकावर एकच विषय. मंडळाने शहरातून कारागीर बोलावला. तो आला त्या दिवशी पाऊस कोसळत होता. आभाळ काळंकुट्ट, तावे थंड, माझ्या पोटात सामसूम. त्याने रेडिओ उघडला, तार तपासली, लांबच्या बंदराशी बोलून पाहिलं. आवाज काचेसारखा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालं. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "छान रंगवलाय हो डबा." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सेट ठणठणीत आहे. काही दोष नाही." आणि दारातून बाहेर पडताना हळूच, पण पोनिराला ऐकू गेलंच, "वय झालं की दुपारची डुलकी लागतेच. बिचारीचा काय दोष."

त्या एका वाक्याने पोनिरा संपली. पहिल्यांदा ती भांडली. "मी जागी होते! जागी होते मी!" कुणी वाद घातला नाही. लोक मान हलवत आणि तिच्या पुढ्यात भात आणून ठेवत. त्या भाताने तिचा जास्त जीव घेतला. माणसाला खोटं ठरवायचं असेल तर त्याच्याशी भांडा, त्याला बळ तरी येतं. दया दाखवली की त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडतो. हळूहळू ती गप्प झाली. आणि एका दुपारी, सानिमान तिला कॉफी द्यायला आला तेव्हा, ती जमिनीकडे बघत म्हणाली, "लागली असेल रे मला डुलकी. एवढे सगळे म्हणतात, तर लागलीच असेल."

मी शेल्फवर बसून होतो, माझ्या फुलांसकट. जागी होतीस गं, जागी होतीस, एवढंच मला सांगायचं होतं. अजूनही सांगायचं आहे. जगात हे माहीत असणारा मी एकटा, आणि मला बोलता येत नाही. मला जे बाहेर टाकता येतं ते नुसता गोंगाट.

रेडिओपाशी अजून तीच बसते. दुसरं कोण बसणार एवढा वेळ? आता ती झोप येऊ नये म्हणून उभी राहते. मिरची चावते. डोळ्यांना पाणी लावते. खरखर दाबायचं बटण तिने फिरवून ठेवलंय तसंच आहे. आणि दर सुरोत ती माझं झाकण उघडते आणि माझ्या काठावर रंगाचा आणखी एक हात देते. तिचा थोरला मुलगा गेला, होडी गेली, त्याच्या हातचं म्हणून मी तेवढा उरलो. मला गंज लागू देणार नाही, असं तिने मनाशी धरलंय. काठावरचा रंग आता चांगला जाड झाला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात पत्र्याचे असे कितीतरी डबे भिंतीवर गप्प बसलेले असतील. त्यांच्याकडे बघायला तुम्हाला वेळ नसतो आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नसते. पण एखादी जागा उघडी दिसली, एखादा काठ अर्धवट वाटला, तर कुंचला उचलण्याआधी क्षणभर थांबा. विचारा, हे असं का ठेवलंय? आणि तुम्हाला ते ठाऊक असेल तर समोरच्याने विचारायची वाट पाहू नका. सांगून टाका. मिसनादीने एकदा, हसत हसत का होईना, सांगितलं असतं तर! काळजी घेणं चांगलंच, पण नुसत्या मायेने काळजी घेता येत नाही हो. आणि कधी चुकून तांजुंगरेजाला आलात, तर शेडमध्ये या. एक सुरी आणा. माझा काठ खरवडा. फक्त काठ. फुलं राहू द्या, ती तिच्या लेकाची आहेत.

पण कोण येणार आहे?

आज पुन्हा सणाच्या आधीचा दिवस. कालच रंग वाळला, सकाळी तिने स्क्रू आवळले. यंदा धाकटा तोहा होडी घेऊन बाहेर पडलाय. भावासारखाच लांब, दक्षिणेला. पोनिरा नको म्हणाली होती, पण कोळ्याच्या पोराला किनाऱ्यावर कोण बांधून ठेवणार? जाताना तो तिला म्हणाला, "माक, काळजी करू नकोस. काही झालं तर हाक मारीन. तू आहेसच ना रेडिओपाशी."

ऊन चढतंय. आभाळात एक ढग नाही. माझ्या पोटातलं यंत्र जोर धरतंय आणि जाड रंगाच्या फटीतून सगळं बाहेर सांडतंय. मला थांबवता येत नाही. पोनिरा रेडिओसमोर उभी आहे, मिरची दाताखाली धरून, डोळे ताणून. मघाशी तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली, हात माझ्या फुलांवर ठेवला आणि कान देऊन ऐकत राहिली.

"बघ रे," ती मला म्हणाली, "आज किती शांत आहे."